मिसाखाली जेलात गेलेल्या काकांचा सत्कार करायचाय, शाल-नारळ सोडून काय सुचतंय?

नौपाडेकर
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत (ठाणे पश्चिम, नौपाडा) एक काका आहेत, पंचाहत्तरी कधीच ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. बिल्डिंगमध्ये त्यांची ओळख म्हणजे एजीएमला पहिल्या रांगेत बसून गेल्या वर्षीचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणणारे, लिफ्टच्या मेंटेनन्सची तीन कोटेशन्स कुठायत विचारणारे. सेक्रेटरी त्यांना लांबून बघितलं की दुसऱ्या जिन्याने जातो. तर याच काकांनी आणीबाणीत वर्षाच्या वर जेल काढलाय हे आमच्यातल्या अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं. रिडेव्हलपमेंटसाठी कागद शोधताना त्यांच्या ट्रंकेतून मिसाची (खटल्याशिवाय आत ठेवायचा तेव्हाचा कायदा) ऑर्डर निघाली आणि मग ती ग्रुपवर फिरली.

आता कमिटीला एकदम उमाळा आलाय, सत्कार करायचा म्हणून. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि हे सगळं द्यायला एक नेते. काकांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, ठाण्याच्या उकाड्यात शाल कशाला रे, ज्या आहेत त्याच काकूंनी कामवाल्या मावशींना देऊन टाकल्या. एकच अट घातलीय त्यांनी: पोरांनी मला प्रश्न विचारायचे, आणि कुठला प्रश्न विचारायचा नाही हे आधी कोणी ठरवायचं नाही. कमिटी इथेच अडकलीय, कारण काका काय बोलतील याचा नेम नाही. कसं करावं? कुणी असा कार्यक्रम केलाय का?

घंटाळीकर
मस्त धागा. २५ जूनला करा ना, २०२४ पासून केंद्राने तो संविधान हत्या दिवस म्हणून जाहीर केलाय, त्या दिवशी वातावरण असतं, पेपरवाले पण येतात. हॉल म्हणाल तर सहयोग मंदिर बघा, किंवा मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, १८९३ ची संस्था आहे, असल्या कार्यक्रमाला तीच जागा शोभते. गडकरी रंगायतन वगैरेच्या भानगडीत पडू नका, एवढी माणसं येणार नाहीत, उगाच रिकाम्या खुर्च्या दिसतात.

चहाटपरी
नेते कुठल्या पक्षाचे ते सांगा आधी :) म्हणजे काका कुठल्या पक्षाचे ते आपोआप ठरेल.

नौपाडेकर
@चहाटपरी काका समाजवादी, राष्ट्र सेवा दलातले. नेते वेगळ्या पक्षाचे. म्हणूनच तर घोळ आहे.

खाडीपलीकडचा
एक शंका, राग मानू नका. आणीबाणीत जेलात गेलेल्यांना लोकशाहीचे सेनानी वगैरे म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होत नाही का? आमचे वडील रेल्वेत होते, ते कायम सांगायचे की तेव्हा लोकल टायमावर यायच्या, ऑफिसात माणसं जागेवर सापडायची, साठेबाज आत गेले. सामान्य माणसाला काही त्रास नव्हता. जे राजकारण करत होते त्यांनाच झाला. आणि आज तर सगळे त्यातलं आपापलं भांडवल करतायत.

साधीसुधी
@खाडीपलीकडचा सामान्य माणसाला त्रास नव्हता? १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, त्या काय राजकारण्यांच्या झाल्या का. आणि हे फक्त यूपी-हरियाणात झालं असंही समजू नका. सक्तीच्या नसबंदीचं बिल पास करणारं देशातलं पहिलं विधिमंडळ आपल्या महाराष्ट्राचं. १९७६ मध्ये. तीन मुलांनंतर सक्ती. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून कायदा झाला नाही, नाहीतर आपल्यातले किती जण चौथे-पाचवे म्हणून जन्मालाच आले नसते ते मोजा.

लोकल वेळेवर यायच्या हे माझ्याही घरात ऐकलंय. पण उशीर झाला तर ते छापायचं कुणी? पेपरला बातमी जायच्या आधी सेन्सॉर होता.

दगडफूल
सेन्सॉरवरून आठवलं. आणीबाणी लागल्यावर दोन-तीन दिवसांतच टाइम्सच्या मुंबई आवृत्तीत निधनाच्या छोट्या जाहिरातींमध्ये कुणीतरी लोकशाही २६ जूनला वारली अशी जाहिरात घुसवली होती, नावांची अशी काही फोड करून की काउंटरवरच्या माणसाला कळलंच नाही. छापून आली. असलं काहीतरी पोस्टरवर लावा, कॉलेजची पोरं थांबून वाचतील. भाषणापेक्षा हे चालतं.

नौपाडेकर
@दगडफूल भारी आयडिया. काकांकडचीही एक वस्तू लावायचीय, ती ऑर्डर. मी हातात घेऊन बघितली. पातळ कागद, कार्बन कॉपी, निळी पडलेली, टाइपरायटरच्या 'ओ' अक्षराने कागदाला बारीक बारीक भोकं पाडलेली, उजेडात धरलं की चाळणी दिसते. वडिलांचं नाव चुकीचं. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका होऊ नये म्हणून स्थानबद्ध करण्यात येत आहे, एवढंच. काय केलं, कधी केलं, कुठे केलं, एक शब्द नाही. खाली सही आणि गोल शिक्का.

केलं काय होतं तर १४ नोव्हेंबर १९७५ पासून लोक संघर्ष समितीचा सत्याग्रह सुरू झाला होता देशभर, त्यात यांची तुकडी डिसेंबरात ठाणे स्टेशनच्या बाहेर उभी राहिली, घोषणा दिल्या, सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं वाटली. पहिली पत्रकं संपायच्या आत पोलीस आले. आधी डीआयआर (डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स) लावला, त्यात जामीन झाला, आणि जेलच्या दारातून बाहेर पाय टाकतात तोच हा कागद हातात. परत आत. थोडे दिवस ठाणे, मग नाशिक रोड. सुटले ते ७७ ला, निवडणुका जाहीर झाल्यावर.

वकिली_चष्मा
कारणं का दिली नाहीत ते सांगतो. मिसा १९७१ चा कायदा, मुळात त्यात स्थानबद्ध माणसाला कारणं कळवायची तरतूद होती. आणीबाणीत दुरुस्त्या करून तीच काढून टाकली, कारणं सांगायची गरज नाही, कोर्टालाही नाही. मग लोक हायकोर्टात गेले हेबियस कॉर्पस घेऊन, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा अर्ज. नऊ हायकोर्टांनी स्थानबद्धांच्या बाजूने सांगितलं की आणीबाणी असली तरी अटक कायद्याप्रमाणे झालीय का एवढं आम्ही बघू शकतो, त्यात आपलं मुंबई हायकोर्टही होतं. ते सगळं सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल १९७६ ला उलटवलं, एडीएम जबलपूर केस, चार विरुद्ध एक. सरकारी वकिलांना न्या. खन्नांनी विचारलं होतं की उद्या एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस मारला तरी कोर्टात दाद नाही का, तर उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर नाही.

न्या. खन्ना एकटे विरोधात गेले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं, ७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून न्या. बेग यांना नेमलं. बहुमतात जे चार होते त्यात आपले पुण्याचे यशवंत चंद्रचूड. आणि २०१७ मध्ये प्रायव्हसीच्या निकालात तो निर्णय चूक होता असं लिहिणारे त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. प्रश्नोत्तरं ठेवणार असाल तर काकांना नक्की विचारा की हा निकाल आला तेव्हा जेलात काय वाटलं. माझ्या एका सिनियरांचे वडील आत होते, ते म्हणायचे त्या रात्री बराकीत पहिल्यांदा कुणी पत्ते खेळलं नाही, कारण आता सुटकेला तारीखच उरली नव्हती.

खाडीपलीकडचा
हे पोलिसाने मारलं तरी दाद नाही वालं माहीत नव्हतं. पण माझा मुद्दा तसाच आहे की आज त्याचं भांडवल होतंय. पेन्शन पण मिळते ना यांना?

चहाटपरी
मिळते मिळते. आणि सरकार बदललं की बदलते. २०१८ ला चालू झाली, महिन्याच्या वर जेल असेल तर दहा हजार, त्याहून कमी असेल तर पाच. २०२० मध्ये महाविकास आघाडीने बंद केली, २०२२ ला शिंदे सरकारने परत चालू केली, २०२५ ला डबल केली. तुमचा त्याग खरा का खोटा ते मंत्रालयात कोण बसलंय त्यावर :)

नौपाडेकर
@खाडीपलीकडचा काकांनी अर्जच केलेला नाही. त्यांचं म्हणणं, मी काही नोकरी करत नव्हतो तिथे. यावर काकूंचं मत मात्र एकदम उलट आहे, आणि ते मी काकूंच्याच शब्दात सांगतो कारण स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलंय त्यांनी: "यांना नको असेल तर नको, मला विचारलं का कुणी? आणि त्या जीआरमध्ये बायकोला हे गेल्यावर अर्धे. का अर्धे? ते आत असताना घर काय अर्ध्या खर्चात चालत होतं का?"

मी गप्प. काका पण गप्प, पेपर वाचायचं नाटक.

नेरूळची_मावशी
अरे मग सत्कार काकूंचा करा की!! मी केव्हाची वाट बघतेय कुणीतरी त्यांचं विचारेल म्हणून. नौपाडेकर, काकूंनी तेव्हा कसं भागवलं ते विचारा आणि इथे लिहा. आमची आत्या गोरेगावात मृणालताई गोऱ्यांच्या बरोबरची, ७२ च्या महागाईविरोधी लाटणं मोर्चात पुढे असायची, आणि आणीबाणीत पत्रकं पोचवायची भाजीच्या पिशवीतून, वर मेथीची जुडी आणि खाली गठ्ठा. ती कधी पकडली गेली नाही म्हणून तिचं नाव कुठल्याच यादीत नाही. ज्या बायका आत गेल्या त्या तरी आठवतात का लोकांना? मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते. दुर्गाबाई भागवतांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर असताना, जयप्रकाशजींच्या तब्येतीसाठी सगळ्यांना उभं केलं, पुढे त्यांनाही अटक झालीच. पाणीवाली बाई (मृणालताई) दिल्लीत, दिल्लीवाली बाई (इंदिराबाई) पाण्यात ही घोषणा ७७ ला आम्ही पोरं गल्लीत ओरडत फिरायचो, अर्थ न कळता.

नौपाडेकर
मावशी, तुम्ही सांगितल्यावर कालच जाऊन बसलो काकूंपाशी. दोन तास उठूच दिलं नाही त्यांनी. जमेल तेवढं लिहितो.

काका आत गेले तेव्हा मुलगा पायाने चालायला लागलेला. शाळेने पहिल्या महिन्यातच पगार थांबवला, निलंबन. चरईतल्या चाळीत राहायचे तेव्हा. काकू साड्यांना फॉल लावायच्या, शिकवण्या घ्यायच्या, आणि शिकवण्यांची मुलं हळूहळू कमी झाली कारण पालकांना भीती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या वर्षी समोरच्या दोन घरांतून बोलावणं नाही. वाईट माणसं नव्हती म्हणे, त्यांच्यातला एक जण सरकारी नोकर, दाराबाहेर साध्या वेषातला पोलीस बसलेला असायचा तेव्हा तोच त्याला चहा द्यायचा आणि काकूंशी बोलायचा नाही.

भेटीला नाशिक रोडला जायचं म्हणजे पोराला कडेवर घेऊन पॅसेंजरने. बरोबर डिंकाचे लाडू. गेटवरचा शिपाई एकेक लाडू हाताने फोडून बघायचा आत चिठ्ठी आहे का, आणि मग तो भुगा परत डब्यात भरून द्यायचा. काकूंनी पुढच्या वेळी लाडू वळलेच नाहीत, भाजलेलं सारण तसंच डब्यात नेलं आणि शिपायाला म्हणाल्या घ्या, तुमचं काम वाचवलं. भेटीत मधे एक अधिकारी वही घेऊन बसलेला, त्याला कळेल असंच बोलायचं, त्यामुळे पोराला दात आले, सासूबाईंचे गुडघे दुखतात, एवढंच. घरी आलेल्या पत्रांवर शिक्का आणि मधे मधे काळ्या शाईच्या पट्ट्या. एका पत्रात काकांनी जेलातल्या आमटीबद्दल लिहिलेली ओळ खोडलेली. आमटी! सरकार आमटीला घाबरत होतं असं म्हणून हसल्या काकू.

मला विचाराल तर कार्यक्रमाचा अर्धा वेळ यांचाच हवा. कमिटीत मांडलं, लगेच मंजूर झालं. काका बोलतील याची भीती आहे, काकूंची कुणाला भीती वाटली नाही. अजून ऐकलं नाहीये त्यांनी :)

साधीसुधी
आमटीची ओळ. बाप रे.

घंटाळीकर
आत कसं होतं वातावरण? मी ऐकलंय की सगळ्या पक्षांची मंडळी एकत्र होती.

नौपाडेकर
होती की. एका कोपऱ्यात संघवाल्यांची शाखा, एका बाजूला समाजवाद्यांचा अभ्यासवर्ग, मार्क्सवाले वेगळे, जमात-ए-इस्लामीवाले नमाजाला. ४ जुलै ७५ ला संघ, आनंदमार्ग, जमात, नक्षलवादी गट, सगळ्यांवर एकदमच बंदी आली होती ना, त्यामुळे बाहेर एकमेकांचं तोंड न बघणारे आत एका नळावर रांगेत. काका एका जमातवाल्या मौलवींकडून उर्दू अक्षरं शिकले, अजून मुंब्र्याला गेले की दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत चालतात आणि काकूंना लाज वाटते. वाद पण व्हायचे जोरात. सरसंघचालकांनी येरवड्यातून इंदिराबाईंना पत्रं लिहिली त्यावरून नंतर बरीच भांडणं झाली असं काका सांगतात, आणि लगेच पुढे सांगतात की पण शेजारच्या खाटेवरचा संघाचा पोरगा माफीनाम्यावर सही कर म्हणून घरून तीन पत्रं येऊनही बसून राहिला, ते पण लिही.

दगडफूल
ठाण्याचा जेल हाच एक वेगळा विषय आहे खरं तर. रोज कोर्टनाक्यावरून जाताना लोकांना ती भिंत दिसते पण तो मूळचा किल्ला आहे, पोर्तुगीजांच्या वेळचा, १७३७ ला मराठ्यांनी घेतलेला, हे कुणाच्या डोक्यात नसतं. राघोजी भांगरे १८४८ ला इथेच फाशी गेले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यातले कान्हेरे, कर्वे, देशपांडे १९१० ला इथेच. आणि त्याच भिंतीच्या आत ७५ ला स्वतंत्र भारताच्या सरकारने शाळामास्तर ठेवले. पोस्टरवर हे एक येऊ द्या.

प्रवासी_तुर्भे
आता कडू बोलतो. तुम्ही ७५ च्या जेलबद्दल एवढं बोलताय, आमच्या नवी मुंबईत तळोजा जेल आहे. स्टॅन स्वामी नावाचे ८३ वर्षांचे फादर, पार्किन्सन्स असलेले, ऑक्टोबर २०२० मध्ये यूएपीएखाली (दहशतवादविरोधी कायदा) अटक झाले, तळोज्यात होते, पाणी प्यायला स्ट्रॉचा कप मागावा लागला, जुलै २०२१ ला हॉस्पिटलमध्ये वारले ते कैदी म्हणूनच. खटला उभाच राहिला नव्हता. काकांना हे विचारायची परवानगी आहे का तुमच्या कार्यक्रमात?

घंटाळीकर
झालं. आलंच राजकारण. अहो तो दहशतवादाच्या आरोपाचा खटला होता, एनआयएचा, जामिनाचे अर्ज कोर्टात चालले, फेटाळले गेले, वकील होते, पेपरात रोज बातम्या होत्या. आणीबाणीत कोर्टाचं दारच बंद होतं. दोन्हीची तुलना म्हणजे आणीबाणी हलकी करणं. आणि सोसायटीचा कार्यक्रम आहे, लहान मुलं असणार.

वकिली_चष्मा
घंटाळीकरांचा कोर्टाचा मुद्दा बरोबर आहे, तो फरक मोठा आहे. ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १९७८ ची, आणीबाणी लागली तरी कलम २१ (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) गोठवता येत नाही, आणि अंतर्गत अशांतता हे कारणच काढून तिथे सशस्त्र उठाव आलं. मिसा पण रद्द झाला. हे सगळं काकांसारख्या लोकांमुळे. पण तुर्भेकरांचाही मुद्दा उडवून लावू नका. खटल्याशिवाय आत ठेवणं आपल्या घटनेतच आहे, कलम २२, आणि मिसा गेल्यावर दोन वर्षांत १९८० ला एनएसए (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) आलाच. गेल्या वर्षी २०२५ ला आपल्या विधानसभेत जनसुरक्षा विधेयक पास झालं तेव्हा विरोधकांनी मिसाचंच नाव घेतलं, सरकारने सांगितलं की हे फक्त नक्षली संघटनांसाठी. कोण बरोबर ते ठरवायला काकांएवढा हक्काचा माणूस दुसरा कोण आहे? विचारू दे की पोरांना.

चहाटपरी
म्हणजे सेन्सॉरशिपविरुद्ध जेलात गेलेल्या माणसाच्या सत्काराला प्रश्न सेन्सॉर करायची मीटिंग भरणार. सेक्रेटरींना सांगा इतिवृत्त नीट लिहा, काका मागतील.

नौपाडेकर
@चहाटपरी नेमकं तेच झालं काल. मीटिंग झाली. कुणीतरी म्हणालं प्रश्न आधी लेखी मागवू, निवडून देऊ. काका कुठून तरी आलेच, दारात उभे, म्हणाले निवडणार कोण? सगळे सेक्रेटरीकडे बघायला लागले. सेक्रेटरी बिचारा घामाघूम, म्हणाला काका मला यातून सोडा, तुम्हीच बसा आणि तुम्हीच उत्तरं द्या, मी फक्त माइक बघतो. त्यांच्यात पहिल्यांदाच एकमत झालेलं मी बघितलं.

तुर्भेकरांचा प्रश्नही मी काकांना जाऊन वाचून दाखवला. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही, म्हणाले तिथे विचार, तिथेच सांगीन, आणि ज्यांना पटणार नाही त्यांनी उठून भांडावं, जेलात आम्ही तेच करायचो. घंटाळीकर, तुम्हीही या, खरंच या, पुढची खुर्ची ठेवतो.

घंटाळीकर
येणार आणि भांडणार. वयाचा मान राखून.

नेरूळची_मावशी
मी पण. ट्रान्स हार्बरने ठाण्याला उतरले की चालत येईन. आत्याचा एक फोटो आणते, पोस्टरजवळ कुठेतरी जागा द्या. मेथीची जुडी पण आणू का :)

नौपाडेकर
आणा, नक्की आणा. तर ठरलेलं असं. २५ जून नाही, काकांनी २१ मार्च सांगितला, ७७ ला आणीबाणी उठली तो दिवस. त्यांचं म्हणणं लादली त्या दिवशी सगळेच भाषण ठोकतात. दहावीचे पेपरही तोवर संपलेले असतील. दोन कॉलेजची मुलं प्रश्न विचारणार, मग खुला माइक. स्टेजवर दोनच खुर्च्या, काका आणि काकू. नेत्यांना निमंत्रण दिलंय, ते प्रेक्षकांत बसणार असतील तर येतील, अजून फोन आलेला नाही. ऑर्डरची मोठी कॉपी, टाइम्सची जाहिरात आणि ठाणे जेलची माहिती भिंतीवर. सगळं रेकॉर्ड करणार आणि कापाकापी न करता ठेवणार, हे काकांनी कमिटीच्या ठरावात लिहून घेतलंय, तारखेसकट.

काकूंनी शेवटी लाडूंचं काम अंगावर घेतलं. वळलेले असतील, फोडलेले नाहीत.

पार्किंग अजिबात नाही. गाड्या तलावपाळीला कुठे मिळाली जागा तर लावा आणि चालत या, नाहीतर रिक्षा. सहाला म्हणजे सहाला सुरू, काका घड्याळ बघून बसतात.

खाडीपलीकडचा
येतो. लोकल वेळेवर आली तर.